बनसोडे नानांचा वजनकाटा

आमच्या शेजारच्या बनसोडे नानांकडं कुणाची तक्रार घेऊन गेलं, की ते एकदा ऐकून घेत नाहीत. दोनदा ऐकतात. पहिल्यांदा तुम्ही भरून यायचं, दुसऱ्यांदा रिकामं होऊन यायचं, आणि मधल्या वेळात चिंचेला हात लावून परत यायचं. ही चिंच त्यांच्या अंगणापासून शंभरेक पावलांवर, रस्त्याच्या वळणाला आहे. भर उन्हात एखादा चांगला कळता माणूस चिंचेला शिवून मागं फिरताना दिसला, तर आमच्या ढोकी गावात कुणाला नवल वाटत नाही. घरात काहीतरी वाजलंय आणि हा नानांकडं आलाय, एवढं सगळे समजून घेतात.

नाना साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. उसानं भरलेला ट्रॅक्टर आला की आधी काट्यावर उभा राहायचा. मग गाळपाच्या गव्हाणीत ऊस टाकून रिकामा परत यायचा आणि पुन्हा काट्यावर चढायचा. भरल्या वजनातून रिकामं वजन वजा केलं की उरतो तो ऊस. काम एवढंच. पण सगळी नोकरी माणसानं हेच केल्यावर ते अंगात मुरतं. नाना निवृत्त झाले, त्यांच्यापुढचे ट्रॅक्टर थांबले, वजाबाकी मात्र थांबली नाही. ते माणसं मोजायला लागले.

मी इथं बदलून आले तेव्हा मला यातलं काही माहीत नव्हतं. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका. एकदा धाराशिवला प्रशिक्षण होतं. संध्याकाळी मला स्टँडवरून न्यायला आमचे हे येणार होते. तासभर वाट बघितली, फोन केले, शेवटी पिशवी घेऊन चालत आले. तर हे खिडकीतून दिसले. क्रिकेट बघत निवांत बसलेले, मोबाइल उशीखाली. आत गेले असते तर काय बोलले असते, याची मलाच भीती वाटली. म्हणून मी आमचं फाटक सोडून शेजारच्या फाटकात शिरले.

नानांनी काही न विचारता लोखंडी खुर्ची पुढं सरकवली. "बसा बाई. भरून बोला, कमी बोलू नका."

मी बोलले. स्टँडपासून सुरुवात केली आणि आमच्या लग्नातल्या पंगतीपर्यंत मागं गेले. सासूबाई, नणंद, कधीच न आलेला वाढदिवसाचा केक, सगळं काढलं. नाना डोळे मिटून बसले होते. मी थांबल्यावर त्यांनी डोळे उघडले.

"थांबला का काटा? जावा, चिंचंला हात लावून या."

मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. पण पाय निघाले होते. परत आले तेव्हा लोखंडी खुर्ची गायब होती आणि तिथं लाकडी स्टूल होतं. रिकाम्या गाडीला स्टूल.

"जेवला का?" नानांनी विचारलं.

"नाही. डबा घरीच राहिला सकाळी."

"झोप?"

"चार तास झाली असेल."

"आन् आज कोण बोललं तुमाला?"

"साहेब," मी म्हणाले. प्रशिक्षणात ते मला सगळ्यांसमोर बोलले होते आणि ते मी लोखंडी खुर्चीवर सांगितलंच नव्हतं.

"बघा," नाना म्हणाले. "हे समदं रिकाम्या गाडीचं लोखंड झालं. ट्रेलर तुमचा, आन् वजन टाकताव नवऱ्याच्या नावावर. वजा करा. निव्वळ किती?"

मी वजा केलं. निव्वळ एवढंच निघालं, की स्टँडवरची माणसं एकेक करत गेली, अंधारायला लागलं, आणि वाटलं की आपली आठवण कुणालाच नाही.

"मग तेवढंच नेऊन ठेवा त्याच्याफुडं. लोखंड ऱ्हाऊ द्या हितंच."

मी घरी जाऊन तेवढंच सांगितलं. भांडणाच्या तयारीत बसलेले आमचे हे पार गोंधळून गेले. थोडा वेळ उभे राहिले आणि मग लग्नानंतर पहिल्यांदाच चहा करायला स्वयंपाकघरात गेले. त्यात त्यांनी इतकं आलं घातलं होतं की घसा सोलवटला. तरी तो चहा मी शेवटपर्यंत प्यायले.

नानांच्या काट्याचे हिशेब कधीकधी अंगलटही यायचे. पलीकडच्या सुमनकाकू सुनेचं गाऱ्हाणं घेऊन आल्या आणि लोखंडी खुर्चीवर चांगल्या अर्धा तास बसल्या. चिंचेवरून परतल्यावर त्यातून गुडघेदुखी वजा झाली, दिवाळीला न आलेली लेक वजा झाली, आणि निव्वळ उरलं ते एवढंच, की सून जाता-येता हाक मारत नाही. नाना म्हणाले, "मग सांगा तिला, हाक मारत जा म्हणून." सून गुणाची होती. दुसऱ्या दिवसापासून ती भांडी घासताना, कपडे वाळत घालताना, फोडणी देताना "आत्या, ओ आत्या" म्हणून हाका मारायला लागली. चौथ्या दिवशी सुमनकाकू पुन्हा लोखंडी खुर्चीवर. "नाना, डोकं उठलंय माजं. तिला जरा कमी मारायला सांगा."

आमच्या शाळेत एकदा पालकांसाठी प्रेरणा देणारे एक वक्ते आले होते. कोट, मनगटावर मोठं घड्याळ, कानाला माइक. "तुमच्या आत वाघ आहे! त्याला जागं करा!" असं ते अधूनमधून ओरडायचे आणि आम्ही टाळ्या वाजवायचो. शेवटी कुणाला काही विचारायचं आहे का म्हणाले. नाना उठले.

"साहेब, वाघाचं ऱ्हाऊ द्या. तुमचं रिकामं वजन किती?"

वक्ते हसले. त्यांना वाटलं, आजोबा तब्येतीबद्दल विचारतायत. "बहात्तर किलो, काका."

"तसं न्हवं. जेवला का?"

 वक्त्यांनी घड्याळाकडं बघितलं, मुख्याध्यापकांकडं बघितलं आणि माइक बंद करायचं विसरून म्हणाले, "नाही हो. सकाळपासून तीन गावं झाली." नाना त्यांना हाताला धरून घरी घेऊन गेले. अंगणात बसून त्या माणसानं पिठलं-भाकरी खाल्ली आणि आपली बायको महिनाभर धड बोलत नसल्याचं सांगितलं. थोड्या वेळानं आम्ही त्यांना कोटासकट चिंचेकडं जाताना पाहिलं.

मी एकदा नानांना म्हटलं, की लोक मन खंबीर करा म्हणतात, तुम्ही तर माणसाला हलकं करून पाठवता. नाना भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "खंबीर म्हंजे काय दगड व्हायचं न्हाय बाई. आपलं रिकामं वजन आपल्याला ठाव असलं की माणूस दुसऱ्यावर कोसळत न्हाय. लई झालं तेवढं."

हे सगळं ज्या घराच्या अंगणात चालायचं, त्या घरात नाना एकटे राहायचे. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, शेजारी नानींचा हार घातलेला फोटो. मुलगी सुजाता पुण्यात नर्स. ती चार वर्षांत या घरात आलेली नव्हती.

झालं होतं ते असं. नानी आजारी पडल्या तेव्हा सुजाताची शेवटची परीक्षा चालू होती. तिचे रोज फोन यायचे आणि नाना रोज सांगायचे, "साधा ताप हाय, तू पेपर दे." शेवटच्या पेपरच्या आदल्या दिवशी नानी गेल्या. सुजाता पोचली तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. ती एवढंच म्हणाली, "मला का बोलावलं न्हाय?" आणि नाना सगळ्यांदेखत म्हणाले, "आईची माया असती तर न बोलवता आली असतीस."

मी तिथंच उभी होते. त्या मुलीचा चेहरा मला अजून दिसतो.

पुढं तिचं लग्न पुण्यात झालं. नाना गेले, शेवटच्या रांगेत बसले, फुलं टाकली, आणि न जेवता संध्याकाळच्या एसटीनं परत आले. तेव्हापासून सुजाता मला फोन करते. नाना बीपीची गोळी घेतात का, पायाची सूज कशी आहे, सगळं विचारते, आणि शेवटी म्हणते, "मी विचारलं म्हणून सांगू नका, काकू."

गेल्या महिन्यात तिचा फोन आला तो मात्र वेगळा होता. तिला सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, असा आपल्याकडं रिवाज. सासू चांगली आहे, पण तीही विचारत होती, माहेरी कधी निघणार म्हणून. "काकू, मी त्यांना काय सांगू? मला माहेर आहे का?" सुजातानं विचारलं. आणि या वेळी ती सांगू नका म्हणाली नाही.

मी त्याच दुपारी नानांना सांगितलं. ते तांदूळ निवडत होते. बराच वेळ निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडत राहिले. मग म्हणाले, "माहेर आईचं असतंय बाई. हितं काय, नुसत्या भिंती." मला त्यांचा राग आला. सगळ्या गावाला चिंचेपर्यंत पळवणारा हा माणूस स्वतः जागचा हलत नव्हता.

पण दुसऱ्या दिवशी त्या भिंतींना चुना लागायला लागला. नाना स्वतः लुंगी खोचून आतली खोली रंगवत होते. विचारलं तर म्हणाले, "ओल आली हुती." मग मच्छरदाणी आली. ती कशाला, तर डास लई झालेत. मग खाटेच्या पायांखाली विटा घालून ती उंच केली, म्हणजे उठताना वाकावं लागू नये. माझे गुडघे दुखतात, असं ते म्हणाले. नाना खाटेवर कधी झोपतच नाहीत, खाली सतरंजीवर झोपतात, हे मला ठाऊक होतं. खोली तयार झाली, आठ दिवस गेले, फोन काही होईना.

मग एका रविवारी दुपारी आमचं फाटक वाजलं. नाना आपली लोखंडी खुर्ची उचलून घेऊन आले होते. त्यांनी ती आमच्या अंगणात मांडली आणि तिच्यावर बसले.

"बाई, आज माजी गाडी. तुमी काटा बघा."

मी समोर बसले. नाना भरून बोलले. पोरगी हट्टी आहे. चार वर्षांत बापाला एक फोन नाही. सणाला नाही, वाराला नाही. लग्न सांगितलं ते चुलत्याच्या तोंडानं. त्यांचा आवाज चढला आणि थांबला. काय करायचं ते मला माहीत होतं. मी म्हटलं, "नाना, चिंचेला हात लावून या."

ते उठून गेले. मी स्टूल आणून ठेवलं आणि थांबले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मी रस्त्यावर येऊन बघितलं. नाना चिंचेला हात टेकवून तसेच उभे होते. मी जवळ गेले तरी त्यांनी वळून बघितलं नाही.

"वजा करून बघितलं," ते म्हणाले. "पोरीची आई मरायला लागली तवा म्या घाबरलो हुतो बाई. पोरीला बोलवावं तर ही खरंच मरतीय असं व्हईल, म्हणून बोलावलं न्हाय. ते लोखंड माजं. भरल्या अंगणात पोरीवर टाकलं. वजा केलं तर तिच्या नावावर कायच उरंना. समदा ट्रेलरच निघाला."

 मी त्यांना आमच्या अंगणात परत आणलं आणि स्टुलावर बसवलं. फोन लावायला मात्र त्यांची बोटं धजेनात, म्हणून मीच लावला आणि आवाज मोठा करून त्यांच्या हातात दिला.

"काकू, काय झालं? नाना बरे आहेत ना?" सुजाताचा घाबरा आवाज आला.

"म्या बोलतोय, सुजे."

नानांनी फोन दोन्ही हातांनी धरला.

"त्या दिशी तुला जे बोललो, ते तुजं नव्हतं. माजं हुतं. चुकलं माजं. खोली रंगवलीय. खाट उंच केलीय. म्या न्यायला येतो, तू ये."

 पलीकडून फक्त श्वास ऐकू येत होता. नाना फोन कानाशी धरून माझ्याकडं बघत होते, काट्यावर उभ्या असलेल्या माणसानं काटेवाल्याकडं बघावं तसे. आणि मग सुजातानं विचारलं, तिला नानांच्या अंगणात ऐकून ऐकून पाठ झालेलं तेच.

"नाना, जेवला का तुमी?"

 मला माझीच लाज वाटली. इतकी वर्षं आम्ही सगळे आपापल्या गाड्या भरून या माणसाच्या दारात आणत होतो. तो प्रत्येकाला पहिलं हेच विचारायचा. उलटं त्याला कुणी विचारलं नव्हतं. शेजारी राहून मीसुद्धा नाही.

मी उठून आत गेले आणि तवा ठेवला. पिठात पाणी घालताना अंगणातून नानांचा आवाज येत होता, अगदी हलका.

"न्हाय गं. सकाळपासनं काय गेलंच न्हाय घशाखाली. तू उचलतीस का न्हाय, भ्याव वाटत हुतं."