बाबारावकाकांचा दुपट्टा

उमरखेडच्या स्टँडवर एसटी नीट थांबायच्या आतच खिडकीतून एक पांढरा दुपट्टा सीटवर पडायचा. तो आमच्या शेजारच्या बाबारावकाकांचा. "जागा धरली हाय!" असं गर्दीला बजावून काका दारात उभे राहत. मग शांताकाकू पदर सारखा करत सावकाश येत आणि खिडकीशी बसत. काकूंना घाई म्हणून ठाऊक नाही. जग बुडायला लागलं तरी त्या आधी दाराची कडी लावतील.

यंदा मी या दोघांसोबत व्हिएतनामला गेलो. झालं असं, की काकूंनी टीव्हीवर तिकडचं महादेवाचं विटांचं पुरातन देऊळ पाहिलं. "मले थे पाह्यचं हाय," एवढंच त्या म्हणाल्या. नेमकं तेव्हाच काकांच्या छातीत दुखलं. मी त्यांना यवतमाळला नेलं. हृदय थकलंय, कधी काय होईल सांगता येत नाही, असं डॉक्टर स्पष्टच बोलले. बाहेर आल्यावर काकांनी माझा हात दाबला.

"हिले सांगू नको. उगाच जाणं मोडन."

तिकडची बस एसी. काचा उघडतच नाहीत म्हटल्यावर काका हवालदिल झाले. शेवटी त्यांनी ड्रायव्हरच्या खिडकीतून दुपट्टा भिरकावला. ड्रायव्हरनं तो सत्कार समजून गळ्यात घातला आणि वाकून नमस्कार केला. पुढे बुद्धाच्या मंदिरात पायरीवर दुपट्टा, नदीवर नावेत दुपट्टा. युद्धातल्या एका अंधाऱ्या भुयारापाशी मी त्यांना आत जाऊ देईना, तर त्यांनी दुपट्टाच आत सोडला.

"काका, इथं कोण बसणार आहे?" मी वैतागलो.

"असू दे ना बाप्पा. वेळेवर जागा भेटत नाई."

शेवटच्या दिवशी ते देऊळ आलं. चारी बाजूंना डोंगर, त्यांवरून हळूहळू उतरणारं धुकं आणि मधे शिखरं ढासळलेले लाल विटांचे गाभारे. युद्धात इथंही बाँब पडले होते. त्यांच्या खड्ड्यांत आता मऊ गवत वाढलं होतं आणि पिंडीवर दव होतं. पहाटेच्या झोपेत दिसावं तसं सगळं दिसत होतं. काका नेहमीसारखे पुढे निघून गेले होते आणि माझा जीव टांगणीला लागला होता.

ते सापडले एका खड्ड्याच्या काठावर. झाडाखाली दुपट्टा अंथरून, एका कडेला अंग चोरून बसलेले. काकू आल्या, टेकल्या, बराच वेळ देवळाकडे बघत राहिल्या.

"सारखे पुढं पुढं काहून पळता हो?"

"जागा धराले." काका डोंगराकडे बघत हसले. "आता वरच्या गाडीतबी मीच आधी चढीन म्हणतो."

मी चटकन काकूंकडे पाहिलं. काकू मात्र दचकल्या नाहीत. त्यांनी काकांचा हात आपल्या मांडीवर घेतला.

"खिडकीची धरजा," त्या म्हणाल्या. "अन् घाई नका करू. मले अजून लय पाह्यचं हाय."

म्हणजे त्यांना सगळं कधीचंच ठाऊक होतं. मी तोंड फिरवलं.

खालून बस सुटायची हाक आली. पहिल्यांदाच काका जागा धरायला उठले नाहीत; काकूंचा हात धरून बसून राहिले.