पल्याडचे दिनूभावजी

आमच्या घरचं कुठलंही लग्न असो, दिनूभावजी व्याह्यांच्या पंगतीत बसतात. माझ्या थोरल्याच्या लग्नात ते मुलीकडच्यांत बसून जेवले आणि वर येऊन आम्हालाच सांगू लागले, "वैनी, ती माणसं रुसल्यात. मामाचा फेटा राहिलाय. तिकडचं बी कायतरी असंल की!"

हे त्यांचं पालुपद. माझे धाकटे दीर; साताऱ्याच्या एका दैनिकाचे माण भागातले बातमीदार.

मी तासगावची. द्राक्षांच्या मांडवाखाली वाढलेली, आठवी पास, म्हणजे स्वतःला कलेक्टरच समजायची. नवऱ्याशी पहिलं भांडण झालं तेव्हा भावजी माझ्या शेजारी येऊन बसले. मला वाटलं, चला, दीर आपल्या मुठीत! दुसऱ्या दिवशी सासूबाईंशी वाजलं, तर हे त्यांच्या शेजारी मांडी घालून.

आमच्या आणि पल्याडच्या वाडीच्या मधे एक तलाव आहे. एका उन्हाळ्यात त्याचं पाणी झपाट्यानं आटलं. पल्याडचे चोरून पाणी सोडतात म्हणून आमची माणसं काठ्या घेऊन बांधावर बसली. समोर त्यांचीही बसली. गाव म्हणालं, "दिनू, हाण की पेपरात!" भावजी म्हणाले, "तिकडं राहून बघतो." आणि वळकटी उचलून खरंच पल्याड गेले, एका मेंढक्याच्या पत्र्याच्या खोलीत.

काही दिवसांनी बातमी आली. चोर कुणीच नाही. तलावाची झडप गंजलीय आणि दोन्ही गावांचं पाणी ओढ्यात चाललंय. झडप दुरुस्त झाली. पण रंगात आलेलं भांडण हातातून काढून घेतलेलं कुणाला आवडतं? आमचं गाव म्हणालं, दिन्या फुटला. पल्याडचे म्हणाले, ह्यो तर हेर हाय. मामंजींनी निरोप धाडला, "ह्या उंबऱ्याला पाय लावायचा न्हाई." भावजी तिकडंच राहिले.

त्याच दिवसांत सासूबाईंना एक खूळ लागलं. रोज सकाळी लाल ठिगळांची वाकळ माळवदाच्या कठड्यावर टाकायच्या. घरात धुण्याला पाणी नाही, आणि ह्या वाळत काय घालतात?

"आवं आत्या, कोरडी वाकळ कशाला वाळवताय?"

"खाऊ दे तिला ऊन."

माहेरी जाऊन मी बहिणींना पोट धरधरून सांगितलं, "माझी सासू वाकळीला ऊन चारते!" एवढी मी हुशार.

पुढं मामंजी गेले, सासूबाई गेल्या, भांडणारे निम्मे मुंबईला गेले. भावजी आता घरी येतात, जेवतात; झोपायला मात्र पल्याड. लग्न केलंच नाही. विचारलं तर म्हणतात, "माझ्याच लग्नात मी कुठल्या पंगतीत बसू, वैनी?"

परवा त्यांना ताप होता म्हणून हुलग्याचं माडगं घेऊन मी पहिल्यांदाच त्या खोलीवर गेले. दिवस कलला होता. भावजी दारातल्या दगडावर बसलेले. "बसा. हितनं आपलं गाव बघा."

पाण्यावर चुलींचा धूर उतरला होता आणि त्यात आमची वाडी तरंगत होती. पाणी हललं की घरं हलायची, कुणाच्या तरी झोपेतल्यासारखी. ज्या गावात मी जन्मभर भांडी आपटली, ते असं दिसतं हे मला ठाऊकच नव्हतं.

"लय देखणं दिसतं न्हवं?" भावजी म्हणाले. "त्ये आपलं माळवद. सकाळी उठलो की तिथं आईची वाकळ बघायची. लाल दिसली की म्हणायचो, समदी बरी हायती. मग चहा ठेवायचा."

मी माडगं ढवळत राहिले. ते केव्हाच निवलं होतं.

"एक दिवस दिसली न्हाई," ते म्हणाले. "सांगावा घिऊन माणूस निघाला, तवा मी आधीच बांधावर आलो हुतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ट्रंकेच्या तळातून ती वाकळ काढली. गुडघ्यांना शिव्या देत जिना चढले आणि ती कठड्यावर टाकली. खाली उतरते तोवर फोन वाजला.

"वैनी, वाकळ उलटी टाकलीया. ठिगळं आत गेली."

"हिकडनं सुलटी हाय, भावजी! हिकडचं बी कायतरी असंल की!"

फोनमधून आता नुसती मेंढरं ओरडत होती.