बावीस हजार फुलं कमी

आधीच सांगून टाकतो, सगळा दोष माझ्या आत्याचा. वेदवतीआत्या, वय अडुसष्ट, मुक्काम सरस्वतीपुरम, म्हैसूर, म्हणजे आमच्याच घरात. लोक म्हणतात म्हातारी माणसं घराची शोभा असतात. लोकांच्या घरात ती एकेकटी असतात. आमच्या घरात त्यांची कमिटी आहे. (मोठ्यांचा आदर वगैरे मला जमत नाही. कॉलेज पाचव्या सेमिस्टरला सोडलं, तो पेपर बहुधा सहाव्याला होता.)

कॉलेज सोडल्यावर मी ठरवलं, लोकांना डोंगरावर न्यायचं. ट्रेक लीडर व्हायचं. आमच्या अण्णांनी, म्हणजे बँकेतून निवृत्त झालेल्या माझ्या वडिलांनी, भीमसेनरावांनी, हे ऐकून चष्मा पुसला. रागावले की ते चष्मा पुसतात. मग म्हणाले, "एक ट्रेक नीट करून दाखव. अकरा माणसं न्यायची, अकरा आणायची. एकाचीही तक्रार नको. जमलं तर तुझं तू बघ. नाही जमलं तर सोमवारी कॉलेजच्या री-अ‍ॅडमिशनच्या फॉर्मवर सही."

फॉर्म त्यांनी आधीच भरून ठेवला होता. फक्त माझी सही बाकी. आमच्या घरात माझ्यावर विश्वास हा असा असतो.

जागा मी निवडली कोडगूतली, म्हणजे कूर्गमधली, हूविनबेट्ट, फुलांचा डोंगर. वर मैलभर गवताळ उतार, आणि सप्टेंबरात त्यावर फुलंच फुलं. नऊ किलोमीटरचा फेरा, एका दिवसात खाली. पण माणसं? माझ्या वयाच्या पोरांनी "मच्चा, नेक्स्ट टाइम" म्हणून फोन ठेवले. उरली कमिटी, म्हणजे आत्या, तिच्या मैत्रिणी, शेजारपाजारचे निवृत्त आणि खुद्द अण्णा. मी त्यांना आमच्या हॉलमध्ये जमवलं आणि टीव्हीवर फोटो लावले. गुडघे, बीपी, गोळ्यांच्या वेळा, सगळं ऐकून घेतलं. सगळ्यांचा नकार ठरत आला होता, तेवढ्यात फुलांचा फोटो आला.

आत्या सरसावून बसली.

"किती असतील रे ही?"

"लाखो."

"नक्की? की तुझं आपलं नेहमीचं?"

"अगं, डोळ्यांनी बघून आलोय."

"कुंपण?"

"रानाला कसलं कुंपण?"

"कुत्रा?"

"नाही गं."

"कॅमेरा?"

"ज्याला हवा त्याने आणावा."

आत्याने मैत्रिणींकडे पाहिलं. मैत्रिणींनी आत्याकडे पाहिलं. मग प्रश्नांची सरबत्तीच. चामड्याचे बूट चालतील का? (नको, रबरीच बरे, पकड राहते.) ऊन चढायच्या आत पोचू का? (आठच्या आत गेटवर.) पिशवी केवढी? (मोठी, हलकी, हवा खेळती राहील अशी.) मी भारावून गेलो. एवढे नेमके प्रश्न मला कुणी विचारले नव्हते. मला वाटलं, ही बाई जन्मजात ट्रेकर आहे, लग्नाने आणि सोवळ्याने वाया गेली.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी मला माहीत होती आणि तरी डोक्यात आली नाही. आत्या रोज पहाटे आकडी लावलेली काठी घेऊन फिरायला जाते आणि शेजाऱ्यांच्या कुंपणातली फुलं देवासाठी घेऊन येते. 'घेऊन येते' हा आमच्या घरातला शब्द आहे. शेजारी वेगळा वापरतात. या चातुर्मासात तिने लाखोलीचा संकल्प सोडला होता. एक लाख फुलं. उद्यापन अनंत चतुर्दशीला. पण सगळ्या गल्लीने कॅमेरे बसवले, समोरच्या वर्षिणीबाईंनी तर कुत्रा पाळला, आणि गाडी अठ्ठ्याहत्तर हजारांवर अडली. बावीस हजार फुलं कमी.

आणि मी भर सभेत सांगितलं होतं, लाखो आहेत, कुंपण नाही, कुत्रा नाही.

पुढचा आठवडा मी राजासारखा वावरलो. नकाशा काढला, वेळापत्रक छापलं, मंडी मोहल्ल्यातून अकरा जोड पांढरे रबरी बूट आणले. आत्या कधी नव्हे ते मला "लीडर" म्हणाली. तुपाची धार वाढली. रविवारी पहाटे साडेचारला अकराच्या अकरा आंघोळी उरकून टेम्पोत बसलेले, तेही कपाळावर गोपीचंदनाच्या मुद्रा लावून. बैलकुप्प्याला, तिबेटी लोकांच्या वसाहतीत, चहाला थांबलो, तर तिथले लामा आमच्याकडे आदराने बघू लागले. त्यांना वाटलं असणार, हाही कुठला तरी मठच निघालाय.

गेटवर वनखात्याचा वॉचर होता, पुनीत. माझ्याच वयाचा, पण नोकरीवाला. त्याने पिशव्या उघडायला लावल्या. पहिलीतून निघाले उशांचे अभ्रे. दुसरीतूनही अभ्रेच. मग ओली फडकी, पितळेची परडी आणि दोन तुकड्यांत खोललेली आकडी.

"इदेनु सर? मलगक्के बंदिद्दीरा?" (हे काय सर, झोपायला आलात?)

मी आत्याकडे पाहिलं आणि सगळं एकदम उमगलं. सव्वीस अभ्रे होते. माझ्या उशीचासुद्धा.

पुनीत मराठी-कन्नडच्या मध्ये कुठेतरी उभा राहून म्हणाला, "एक फूल तोडलं तरी लीडरचं नाव लिस्टमधून कट. परत परमिट नाही."

आत्या गेटवरच्या दगडावर बसली. "मग आम्ही कशाला आलो? संकर्षणा, तू फसवलंस."

"मी फसवलं?"

"लाखो म्हणालास."

"आहेतच! बघायला आहेत!"

"बघायला?" आत्या मैत्रिणींकडे वळली. "ऐकलंत? म्हणे बघायला."

बाकीचे सगळे "परत चला, परत चला" करायला लागले. आणि अण्णांनी शांतपणे खिशातून फॉर्म काढला. डोंगरावर येताना फॉर्म! पेनासकट!

"सही करतोस?" ते म्हणाले, आणि चष्मा पुसायला लागले.

मग माझं डोकं फिरलं. "आत्या, चाळीस वर्षं तू लोकांची फुलं देवाला वाहतेस. पुण्य कुणाला लागलं असेल? वर्षिणीबाईंना! ती बाई देवाला हातसुद्धा जोडत नाही, आणि तिच्या जास्वंदीवर ती वैकुंठाला जाणार! तू इथे आणखी बावीस हजार सरकारची तोड. सगळं वनखातं स्वर्गात जाईल, तू गेटवर बसशील!"

आत्याचा चेहरा पडला. पुनीतने हळूच टोपी सारखी केली. (स्वर्गाचं त्याला पटलं असावं.)

आणि तेवढ्यात मला सुचलं. आयुष्यात पहिल्यांदा, वेळेवर.

"तिरुमलराव मास्तर," मी म्हणालो. हे आमच्या शेजारचे, निवृत्त संस्कृत शिक्षक, कमिटीचे शंकराचार्य. (ते माध्व आहेत, शंकराचार्यांच्या विरुद्ध पंथाचे, त्यांना हे ऐकवू नका.) "दर गुरुवारी तुम्ही काय सांगता? बाहेरच्या पूजेपेक्षा मानसपूजा श्रेष्ठ. सांगता की नाही?"

"सांगतो... पण ते प्रवचनात."

"प्रवचनातलं खरं नसतं?"

दहा माना मास्तरांकडे वळल्या. मास्तरांनी उपरणं सावरलं. "असतं."

"मग फूल झाडावरच असू दे. बोट दाखवायचं, मनात वाहायचं, पुढे जायचं. तोडलेलं फूल संध्याकाळी निर्माल्य होतं. हे उद्याही ताजं राहील. चालेल?"

"चालेल," मास्तर म्हणाले. मग डाव उलटवणाऱ्या माणसाचा आवाज काढून पुढे म्हणाले, "पण एक फूल दोनदा वाहायचं नाही. आणि संख्या ठेवणारा हवा. अविवाहित, उपाशी, अनवाणी."

अविवाहित आमच्यात एकच होता. मी बूट काढले.

आम्ही आत शिरलो. वर पोचलो तेव्हा धुकं नुकतं उठत होतं, आणि उतारभर तेरडा, सोनकी, मधेच निळ्या फुलांचे ताटवे, ज्यांचं नाव मला कुठल्याच भाषेत येत नाही. आत्याने बोट उचललं आणि ओठ हलवायला लागली. अकरा बोटं, अकरा ओठ. शंभर झाले की हाक, आणि मी वहीत रेघ मारायची.

आणि मग तो चमत्कार झाला जो कुठल्याही ट्रेक लीडरला जमलेला नाही. एक फूल दोनदा वाहायचं नाही, म्हणजे थांबून चालणार नाही! पुढचा ताटवा हवा, त्याच्या पुढचा हवा. ज्यांना घरून मारुतीच्या देवळापर्यंत रिक्षा लागते ते चढण चढले. गुडघे विसरले. डबे खायला बसले तरी डोळे पुढच्या उतारावर. "चल रे लीडर, इथलं संपलं!" आत्या ओरडायची, आणि मी वही घेऊन पळायचो.

शेवटच्या टेकाडावर दोनशे विसावी रेघ पडली. एक लाख. आत्याने हात जोडले. "श्रीकृष्णार्पणमस्तु." तिने डोळे पुसले आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मग लगेच म्हणाली, "केस काप." पण हात फिरवला, हे महत्त्वाचं.

दुपारी साडेतीनला गेटवर. अकरा गेली, अकरा आली. रिकामे अभ्रे मोजून घेऊन पुनीतने रजिस्टरमध्ये लिहिलं: 'एकही फूल तुटलेलं नाही. फार शिस्तीचा ग्रुप.' ते अण्णांनी दोनदा वाचलं. फॉर्म मात्र फाडला नाही. एका बाजूने कोरा कागद आमच्या घरात फाडत नाहीत. त्यांनी तो उलटा केला आणि टेम्पोतच पुढच्या ट्रेकची नावं लिहायला घेतली. सगळ्यात वर स्वतःचं.

मी जिंकलो होतो. चोख, साक्षीदारांसमोर. तो अख्खा कंपू एकाच दिवशी, एकाच डोंगरावर माझ्या शब्दाने हलला होता.

पावसाळ्यातल्या कोडगूत अनवाणी फिरलं की काय होतं, ते मला टेम्पोत बसल्यावर कळलं. सदतीस जळवा. मिठाने काढल्या, पाय भोपळ्यासारखे सुजले, आणि ट्रेक लीडर म्हणून माझा पहिला महिना मी हॉलमधल्या खुर्चीत, पाय उशीवर ठेवून काढला.