चांदणीला लागलेली झोप

गादीवाल्यानं दुकानाच्या उद्घाटनाला चांदणीला बोलावलं, तेव्हा ती ज्या ॲपवर नाचायची त्याला आधीच घरघर लागली होती. पण लाखो लोक तिच्यावर जीव टाकतात, असं गादीवाल्याच्या मेहुण्यानं छातीठोकपणे सांगितलं होतं. उद्घाटनाच्या आठवड्यात ॲप बंदच पडलं.

चांदणी तरीही वेळेवर आली. फीत कापली. टाळ्या वाजवायला मेहुणा आणि शेजारचा चावीवाला.

"लोक कधी येणार?" तिनं विचारलं.

"येतीलच," म्हणत गादीवाला आत गेला आणि बायकोला हळूच म्हणाला, "तुझ्या मावशीला बोलाव. चांदणी बिचारीला वाईट नको वाटायला."

मावशी आली ती थेट चांदणीसमोर. "सही दे गं बाई."

चांदणीचा चेहरा खुलला. "मावशी, माझं काय आवडतं तुम्हाला?"

मावशीनं गादीवाल्याकडे पाहिलं. तो छताकडे बघत होता.

"स्वभाव," मावशी म्हणाली.

झालं. एक चाहती आली म्हणजे आणखीही येणार, असं चांदणीनं धरलं आणि ती निघायचं नाव घेईना. पाहुणीला 'जा' तरी कसं म्हणायचं? गादीवाल्यानं तिला काचेजवळच्या पलंगावर बसवलं. ती फोन बघत बसली. फोन काही वाजेना. मग ती टेकली, मग कलंडली आणि पाहता पाहता सँडलसकट घोरायला लागली.

"उठवा तिला," बायको म्हणाली. "काय दिसतंय ते."

"राहू दे. कित्येक वर्षांत धड झोपलेली दिसत नाही."

रस्त्यानं जाणारा एकजण थांबला. त्याला बघून दुसरा थांबला. "ही गादी कुठली हो?" म्हणत माणसं आत येऊ लागली. दुपारपर्यंत माल संपत आला.

गलक्यानं चांदणीला जाग आली. काचेबाहेर गर्दी. तिनं केस सावरले, हसून हात हलवला. उलट कुणीच हलवला नाही.

एक बाई दारातून डोकावली. "उठलात? जरा पुन्हा झोपता का? यांची पाठ दुखते, यांना दाखवायचं होतं."

"मला ओळखलंत?"

"नाही हो. पण झोप काय छान लागते तुम्हाला."

गादीवाला ओशाळला. "ताई, मी गाडी बोलावतो."

 चांदणीनं सँडल काढले, मावशीकडून उशी मागून घेतली आणि पुन्हा आडवी झाली. या वेळी मात्र काचेकडे पाठ करून.