तीन कुलपांची कोठी

वाटण्या होईपर्यंत इस्टेटीचा कारभार थोरल्या निवृत्तीने पाहावा, असं अमडापूरच्या उकंडरावांनी मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं. तेरावं होताच निवृत्तीने भांड्यांच्या कोठीला कुलूप लावलं. मधल्या जानरावने शेजारी आपलं लावलं. लोणारला दिलेल्या धाकट्या बहिणीने, रेणुकाने, तिसरं.

चार महिन्यांनी यादी करायला तिघं कोठीत शिरले आणि तांब्याच्या घंगाळावरून जुंपली.

"बाबानं मले कारभारी नेमलं!"

"कारभारी नेमलं दादा, मालक नाही!" रेणुका म्हणाली.

निवृत्ती तणतणत कोपऱ्यातल्या मोठ्या कणगीत उतरून आतले डबे मोजू लागला. रागावलेली दोघं बाहेर पडली. आत कोणी दिसेना. दादा आधीच गेला, आपलं कुलूप मागाहून लावील, असं समजून दोघांनी आपापलं कुलूप ठोकलं. रेणुकाने लोणारची वाट धरली.

निवृत्तीने डोकं बाहेर काढलं तेव्हा दार बंद. त्याने दोघांना फोन केले. भांडायलाच करत असणार म्हणून कोणी उचलला नाही. अखेर आरडाओरडा ऐकून त्याची बायको तानाबाई खिडकीशी आली आणि तिने जानरावला ओढत आणलं. त्याने हसत हसत आपलं कुलूप काढलं. रेणुकाचं राहिलं.

"तोडून टाक बे!" निवृत्ती आतून ओरडला.

"मी काऊन तोडू? रेणुका मलेच कोर्टात नेईन."

तानाबाईने रेणुकाला फोन लावला. ती मेहकरला पोचली होती.

"वहिनी, किल्ली मागायची ही नवीन तऱ्हा काय?"

मग व्हिडिओ कॉल झाला. खिडकीच्या गजांतून दादाचा घामाने डबडबलेला चेहरा दिसला आणि रेणुका उलट्या बसने निघाली.

दिवेलागणीला दार उघडलं. निवृत्तीने बाहेर येताच आपली किल्ली तिच्या हातात कोंबली.

"घे. आजपासून तू कारभारी."

चार महिने तिला हेच हवं होतं. तिने अंधाऱ्या कोठीत एकदा पाहिलं.

"मले नको. जानूदादाले दे."

जानरावने दोन्ही हात पाठीमागे नेले. "बाबानं मोठ्याले नेमलं ते काही उगाच नाही."

"तुम्ही तिघं आधी जेवून घ्या," तानाबाई म्हणाली.

लोणारची शेवटची बस गेली होती. चार महिन्यांत पहिल्यांदाच तिघं एका पंगतीत बसले.

"कोठी कोण लावतं?" तानाबाईने वाढता वाढता विचारलं.

"राहू दे उघडी," तिघंही एकदम म्हणाले.