तोंड मिटा आधी

"साडूभाऊ, दात तुम्ही बघा. बाकीचं सगळं माझ्यावर सोडा!"

हे वाक्य खटपट्यानं जेवणाच्या टेबलावर, सगळ्यांच्या देखत उच्चारलं आणि पुढच्या रामायणाला तिथेच सुरुवात झाली.

खटपट्या हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. विमा कंपनीत दावे तपासणारा हा गृहस्थ. पण घरच्या मिक्सरपासून शेजाऱ्यांच्या इस्त्रीपर्यंत दिसेल ते उघडायचं आणि दोन स्क्रू शिल्लक ठेवून बंद करायचं ही त्याची खोड, म्हणून ऑफिसनं हे नाव ठेवलं आणि सासरच्यांनी ते आनंदानं उचललं. त्याचे साडू, म्हणजे थोरल्या मेहुणीचे यजमान, दातांचे डॉक्टर. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या दवाखान्यात राबून आता त्यांनी स्वतःचा दवाखाना थाटला होता. पहिल्या रविवारी तपासणी मोफत. पहिल्याच दिवशी माणसं बिथरली तर गल्लीभर बोभाटा होणार, या धास्तीनं त्यांची झोप उडाली होती. अशा वेळी खटपट्यानं 'पेशंटला बोलावणारं यंत्र' देऊ केलं, तेव्हा ते हो म्हणाले ते निव्वळ थकल्यामुळे.

घरी आल्यावर बायकोनं, म्हणजे धाकटीनं, त्याला बजावलं, "अहो, या वेळी माझं नाक कापू नका. ताईसमोर एकदा तरी मान वर करून बसू दे मला."

"अगं, तू बघच," खटपट्या म्हणाला. हे शब्द ऐकताच धाकटी मिक्सर कपाटात कुलूपबंद करायला उठली.

खरं तर गेले काही महिने त्याला नवा नाद लागला होता. काड्यापेटीएवढा एक बोर्ड असतो. कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम लिहायचा, वायरीतून बोर्डात सोडायचा, की बोर्ड सांगितल्या कामाचा. पहिल्या दिवशी त्यानं त्यावरचा इवलासा दिवा लुकलुकवला आणि अख्ख्या घराला हाका मारून गोळा केलं. सासरेबुवा या लेकीकडेच राहत. त्यांनी चष्मा वर करून दिव्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "लागतोय आणि विझतोय. कुठेतरी वायर सैल आहे, बघा जरा जावईबापू."

पण खचून जाईल तो खटपट्या कसला. दिव्यावरून बटणावर, बटणावरून आवाजावर अशी मजल मारत त्यानं दोन यंत्रं तयार केली. एक दवाखान्यासाठी. डॉक्टरांनी आतून बटण दाबलं की बाहेर खटपट्याच्याच साखर घोळलेल्या आवाजात ऐकू येणार, "पुढचे यावे. अजिबात घाबरू नका. मोठा आ करा." दुसरं घरच्या बिस्किटांच्या डब्यासाठी. सासरेबुवांना मधुमेह, आणि बदामाची कडक बिस्किटं म्हणजे त्यांचा जीव की प्राण. डबा कुठेही लपवा, त्यांना तो सापडायचाच. म्हणून आता झाकण उघडलं की धाकटीचा आवाज कडाडणार, "बाबा! तोंड मिटा आधी! लाज नाही वाटत या वयात? एकही दात शिल्लक राहणार नाही, सांगून ठेवते!" हा आवाज रेकॉर्ड करताना धाकटीला मुद्दाम अभिनय असा करावाच लागला नाही.

दोन्ही यंत्रं झकास चालत होती. तिथे थांबला असता तर गोष्टच संपली असती. पण शनिवारी संध्याकाळी त्याला वाटलं, आवाज जरा वाढवू या. एकेक बोर्ड लावत कोण बसतंय, म्हणून त्यानं दोन्ही एकदमच कॉम्प्युटरला जोडले. कॉम्प्युटरनं विचारलं, कुठल्या बोर्डात सोडू, तीन नंबरच्या की चार नंबरच्या? खटपट्यानं दवाखान्याचा प्रोग्रॅम तीनमध्ये सोडला, डब्याचा चारमध्ये. दोन्ही वेळा 'काम झालं' अशी अक्षरं उमटली आणि तो हात चोळत उठला.

"एकदा वाजवून तरी बघा," धाकटी म्हणाली.

"बाबांचा आत्ताच डोळा लागलाय. आणि बघायचं काय त्यात? आवाजच तर वाढवलाय. बाकी सगळं तेच आहे."

तेच होतं. फक्त डब्याचा बोर्ड होता तीन नंबरचा आणि दवाखान्याचा चार.

रविवारी बाकं भरली. गाल सुजलेला एक शिंपी, एक बस कंडक्टर, एक निवृत्त मुख्याध्यापिकाबाई आणि आणखी चार-पाच जण. थोरली नवी कोरी साडी नेसून काउंटरवर. खटपट्या यंत्राशेजारी हाताची घडी घालून उभा, जणू दवाखाना त्याचाच. आतला पहिला पेशंट मागच्या दारानं गेला आणि डॉक्टरांनी बटण दाबलं.

"बाबा! तोंड मिटा आधी!"

दवाखाना दणाणला. शिंप्यानं तोंड मिटलं. "लाज नाही वाटत या वयात?" हे ऐकल्यावर मुख्याध्यापिकाबाई उठून उभ्या राहिल्या. जन्मभर हा प्रश्न त्यांनी दुसऱ्यांना विचारलेला. "एकही दात शिल्लक राहणार नाही, सांगून ठेवते!"

"निदान आधी सांगतात तरी," असं म्हणत कंडक्टरनं पिशवी उचलली.

आत डॉक्टरांच्या मशिनची घरघर, दार बंद. पेशंट का येत नाही म्हणून त्यांनी पुन्हा बटण दाबलं. मग पुन्हा. दर वेळी आणखी एक बाक रिकामं झालं. खटपट्या यंत्राला थापट्या मारत राहिला. चिडलेल्या माणसाला 'असू दे, असू दे' म्हणतात ना, तशा.

थोरलीनं तोवर आवाज ओळखला होता. तिनं तिथूनच फोन लावला.

"माझा दवाखाना उघडला तर तुझ्या पोटात दुखतंय होय गं? माझ्या पेशंटांना लाज काढून हाकलतेस?"

"ताई, मी स्वयंपाकघरात आहे," धाकटी रडकुंडीला आली होती. "आणि इथे डबा ह्यांच्या आवाजात बोलतोय. घाबरू नका म्हणतोय, मोठा आ करा म्हणतोय. बाबांनी केला! सारखा केला! बिस्कीट चावताना त्यांची दाढ तुटलीय. मी घेऊन येतेय त्यांना."

त्या क्षणी खटपट्याला सगळा उलगडा झाला आणि जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं त्याला वाटलं. जमिनीनं काही मनावर घेतलं नाही.

धाकटी वडिलांना घेऊन आली तेव्हा बाहेर चिटपाखरू नव्हतं. डॉक्टर बाकांकडे बघत हातमोजे घालून उभे होते. सासरेबुवांनी गालावरचा रुमाल काढला. "जावईबापू, तुमचा काही दोष नाही. इतक्या प्रेमानं मला या घरात कुणी बोलावलंच नव्हतं कधी. मन मोडवेना."

"चला आत," डॉक्टर म्हणाले. "एक तरी पेशंट मिळाला."

थोरली धाकटीकडे बघतही नव्हती. धाकटीनं डब्यातला बोर्ड पर्समधून काढून काउंटरवर आदळला. आता दवाखान्यातला बोर्ड आणि हा शेजारी शेजारी, आणि खटपट्यानं वायरी सोडवता सोडवता दोन्हींची पुन्हा सरमिसळ करून टाकली.

"हात लावू नका," धाकटी दात-ओठ खात म्हणाली.

"अगं, कुठला कुठला ते कळल्याशिवाय दुरुस्त कसं करू? वाजवून तर बघायलाच हवं," असं म्हणून त्यानं एकाचं बटण दाबलं.

"बाबा! तोंड मिटा आधी!"

सासरेबुवांनी जन्मात लेकीचा एक शब्द ऐकला नव्हता. तेवढा एक ऐकला. त्या वेळी डॉक्टरांची दोन बोटं आत होती.

जी किंकाळी आली ती पेशंटची नव्हती. सगळे आत धावले. थोरलीनं नवऱ्याच्या बोटांना पट्टी बांधली आणि बांधता बांधता ती एकदम थांबली. तिनं वडिलांकडे पाहिलं, मग बहिणीकडे.

"बाबांनी ऐकलं? तुझं?" तिच्या आवाजात राग औषधालाही उरला नव्हता, होता तो निखळ हेवा. "मी लहानपणापासून ओरडतेय. माझं कधी ऐकलं नाही त्यांनी."

धाकटी खुर्ची ओढून बसली. पाठ ताठ, मान वर. "माझं ऐकतात," ती म्हणाली.

हे श्रेय खरं म्हणजे यंत्राचं आहे, हे समजावून सांगायला खटपट्या पुढे सरसावला. "त्याचं असं आहे ताई, तीन नंबरच्या बोर्डात..."

"तोंड मिटा आधी," धाकटी म्हणाली.

या वेळी आवाज यंत्रातून आला नव्हता. खटपट्यानं तोंड मिटलं.