गेटिंग बेटर खरात मॅडम

आमच्या सोसायटीची लिफ्ट एकदा महिनाभर बंद होती. सगळे शिव्या देत जिने चढत होते. खरात मॅडम मात्र दुसऱ्या मजल्यावर दम खाता खाता म्हणाल्या, "गेटिंग बेटर! आधी मधेच अडकायची. आता निदान बंद आहे हे खालीच कळतं."

गंगापूर रोडला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या या निवृत्त विज्ञानशिक्षिका. जग हळूहळू सुधारतंय यावर त्यांचा विश्वास इतका दांडगा, की जगालाच संकोच वाटावा. द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमध्ये आम्ही रिक्षात पाऊण तास अडकलो, तर म्हणाल्या, "गेटिंग बेटर. मागच्या वेळी ऊन पण होतं." रिक्षावाला मागे वळून म्हणाला, "मॅडम, तुम्ही इलेक्शनला उभ्या राहा."

माझ्या बायकोच्या थालीपिठालाही त्यांनी हेच सर्टिफिकेट दिलं. "म्हणजे आधी वाईट होतं का?" म्हणत बायकोनं दोन दिवस अबोला धरला. माझ्याशी!

गेल्या वर्षी मॅडमच्या यजमानांना, खरातकाकांना, अर्धांगवायूचा झटका आला. उजवा पाय उचलेना. मी रोज विचारायचो, "काका कसे आहेत?"

"आहेत तसेच."

बस्स, एवढंच. बंद लिफ्टमध्येही प्रगती बघणारी बाई नवऱ्याबद्दल एक बरा शब्द काढेना. मला धडकीच भरली. काका आता काही उठत नाहीत, असं मी मनाशी धरून चाललो.

परवा गच्चीवर कपडे वाळत घालायला गेलो, तर काका चालत होते. काठीशिवाय! मागे मॅडम, दोन्ही हात पसरून, पण त्यांना अजिबात न लावता. माझा जीव भांड्यात पडला. मी ओरडणारच होतो, तेवढ्यात मॅडमनी ओठांवर बोट ठेवलं. काकांनी कठडा धरल्यावर त्या माझ्याकडे आल्या.

"कधीपासून?" मी विचारलं.

"महिना झाला. कुणाला सांगू नका हं. बोललं की दृष्ट लागते."

माझ्या नव्या स्कूटरची लिंबू-मिरची याच बाईनं स्वतःच्या हातानं तोडून टाकली होती आणि वर अर्धा तास मला विज्ञान शिकवलं होतं. आठवण करून द्यावी असं क्षणभर वाटलं. पण त्यांचे डोळे भरले होते, आणि खरं सांगायचं तर माझेही.

मी ओल्या कपड्यांची बादली तशीच उचलून खाली आलो.

"वाळत नाही घातले?" बायकोनं विचारलं.

"वर जागाच नव्हती," मी म्हणालो.